तेरसे फिटरच्या चार कोरड्या चकत्या

नवा माणूस भेटला की तुम्हीआम्ही नमस्कार करतो. तेरसे फिटर त्याचे खांदे दाबत. दोन्ही तळवे खांद्यांवर ठेवायचे, अंगातला सगळा भार देऊन माणसाला गुडघ्यांतून खाली बसवायचं आणि एकदम हात सोडून द्यायचे. मग मान तिरकी करून तो किती वेळा वरखाली होतो ते मोजायचं. मी लालबागच्या आमच्या चाळीत बिऱ्हाड घेऊन आलो त्या दिवशी, डोक्यावर गादी असताना, जिन्याच्या तोंडाशीच माझे खांदे दाबले गेले. गादी पडली. मी तीनदा हेलकावलो.

"शाळामास्तर दिसताय," तेरसे म्हणाले. "माणूस चांगला, पण सैल. उठावं एकदा, बसावं एकदा. तीनदा म्हणजे लई झालं."

उभ्या आयुष्यात माझी इतकी चटकन आणि इतकी खरी परीक्षा दुसऱ्या कोणी घेतली नाही. इन्स्पेक्टरसाहेबसुद्धा निदान हजेरीपट तरी बघतात.

तेरसे परळच्या एका गिरणीत फिटर होते. उंच, काटकुळे, आणि चेहरा असा की हसणं त्यांना कोणी शिकवलंच नसावं. बायको-मुलं कोकणात गावी. इथे खोलीत ते आणि त्यांचे म्हातारे वडील. दाबून बघायची खोड त्यांना इतकी जडली होती की इराण्याच्या दुकानात खुर्चीवर बसण्याआधी ते ती दाबत. बारशाला गेले तर पाळणा दाबत. सत्यनारायण सांगणाऱ्या, चाळीतल्याच भटजींचे खांदे त्यांनी, पूजा सांगून झाल्यावर का होईना, दाबलेच. चाळीतल्या माणसांबद्दलची त्यांची मतंही याच मापाची होती. वरच्या मजल्यावरची सोनूबाई नळावर एकदा भडकली की आठवडाभर धुमसायची. तिच्याबद्दल ते म्हणत, "एकदा हलली की थांबतच नाय. चकत्या गेल्यात तिच्या." आणि तळमजल्यावरच्या मुकादमांबद्दल म्हणत, "हा दाबला तरी दबत नाय. गंज चढलाय."

हे खूळ आलं होतं मोटारीतून. मोटारीचा मडगार्ड दाबून सोडला की गाडी वर उसळते. शॉक-अॅब्सॉर्बर धड असतील तर ती एकदाच उठून जागच्या जागी बसते, नसतील तर झुलत राहते. आता गिरणीतल्या फिटरकडे मोटार कुठली, असं तुम्ही विचाराल. गिरणीतला विणाईखात्याचा गोरा साहेब विलायतेला परत जायला निघाला तेव्हा त्याची दोन माणसांची, टप नसलेली, लढाईच्या आधीची गाडी कोणी घेईना. ती फक्त तेरशांच्या हातानेच सुरू व्हायची. साहेब जाताना किल्ली त्यांच्या हातात ठेवून गेला. तेव्हापासून ती चाळीच्या अंगणात नळाशेजारी उभी असे. बायका तिच्या बॉनेटवर फेण्या वाळत घालत. चाळ तिला छकडा म्हणायची.

या छकड्याचे शॉक-अॅब्सॉर्बर जुन्या तऱ्हेचे, घासणीचे होते. प्रत्येक चाकाशी पोलादाच्या आणि लाकडाच्या चकत्या एकावर एक रचून मधून बोल्ट आवळलेला. चाक खड्ड्यात गेलं की चकत्या एकमेकींवर घासत आणि उसळी गिळून टाकत. बोल्ट आवळला की गाडी कडक, ढिला केला की नरम. साहेब त्यासाठी गाडी थांबवून, पाना घेऊन खाली उतरायचा. तेरशांना ते पटेना. "रस्ता काय तुमच्यासाठी थांबून बदलतो?" असं म्हणत त्यांनी सायकलच्या ब्रेकच्या तारा आणल्या, गिरणीत मोडीत निघालेल्या साच्याच्या, म्हणजे यंत्राच्या, दोन पितळी मुठी आणल्या, आणि दीड वर्षाचे रविवार घालवून चालत्या गाडीत बसल्या बसल्या चकत्या आवळता येतील अशी योजना केली. एक मूठ पुढच्या जोडीची, एक मागच्या जोडीची.

मुठींभोवती त्यांनी रंगाने खुणा केल्या होत्या. आकडे नव्हते. आकड्यांनी काय कळतंय, असं म्हणून त्यांनी चाळीतली माणसं लिहिली होती. सगळ्यात नरम सोनूबाई, मग मी, मग भटजी, आणि सगळ्यात कडक मुकादम. सपाट रस्त्याला दोन्ही मुठी भटजींवर. खड्डे लागले की सोनूबाई. आणि एकदम अरुंद वळण घ्यायचं असेल तर पुढे मास्तर, मागे मुकादम. असं केलं की पुढची चाकं माती धरून ठेवतात आणि शेपूट झटकन फिरतं, हे त्यांनी मला कमीत कमी शंभर वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी शेवट एकच असे: "सगळ्या यंत्राला तेल लागतं मास्तर, पण ह्या चार चकत्यांना नाय. थेंब पडला तर खलास. घासणीवर चालतं ते घासलंच पाहिजे." मला हे व्याख्यान इतकं पाठ झालं होतं की तेरशांना खोकला आला तर पुढचं वाक्य मी पुरं करीत असे.

माझा या गाडीशी संबंध आला तो माझ्या वजनामुळे. चालवणारा एका बाजूला बसतो तेव्हा दुसऱ्या बाजूलाही भार हवा, असं तेरशांचं म्हणणं. त्यांनी मला कोळशाच्या वखारीत नेऊन कोळशाच्या काट्यावर बसवलं, वखारवाल्याने वजनं चढवली आणि तेरसे खूश झाले. माझ्या कुठल्याही गुणावर कोणी इतकं खूश झालेलं मला आठवत नाही. त्या दिवशी घरी गेलो तो धोतराला काळे पट्टे घेऊनच.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. चाळीचाळीतून सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या. निवडणुकीच्या वेळी समितीचे कार्यकर्ते तेरशांकडे आले. गाडीवर कर्णा बांधून प्रचार करायचा होता. तेरसे लगेच तयार झाले. मागे उभा राहून घोषणा देणारा पोरगा लालबाग ते परळ फरसबंदीवर असा काही हादरला की "मुंबईसह" आणि "संयुक्त" यांच्या मध्ये त्याची जीभ दाताखाली सापडली. तेरशांनी मान न वळवता दोन्ही मुठी सोनूबाईवर आणल्या. पुढची घोषणा पार ट्रामच्या नाक्यापर्यंत अखंड गेली. "घोषणा कडक पाहिजे तर चकत्या नरम ठेवायला लागतात," ते मला म्हणाले. मी हे वाक्य शाळेत दोन-तीन ठिकाणी माझं म्हणून वापरलं.

आता त्यांच्या वडिलांविषयी सांगायला हवं. आबा तेरसे तीस वर्षं त्याच गिरणीत ऑइलमन होते. सूतकताईच्या खात्यात हातात लांब चोचीची झारी घेऊन साच्यामागून साचा फिरायचं आणि जे जे फिरतं त्याला तेल पाजायचं, एवढं एकच काम. नोकरी सुटली, डोळे अधू झाले, कालचं आज आठवेना, पण हात थांबले नाहीत. चाळीतल्या दारांच्या बिजागऱ्या, आमच्या हिचं शिवणयंत्र, विहिरीचा रहाट, सगळ्यांना आबांनी तेल घातलं होतं. भटजींच्या पेटीलाही घातलं. तेव्हापासून ती पेटी सूर देण्याआधी एक दीर्घ श्वास घेते.

तेरसे बापाशी फार तुटक बोलत. झारी त्यांनी काढून घेऊन कुलपात ठेवली होती. सगळ्या चाळीदेखत ते ओरडत, "बाबा, गाडयेक हात लावचो नाय हां! सांगून ठेवतंय!" त्यावर म्हातारा आपल्याशीच पुटपुटे, "फिरता ता कोरडा ठेवचा नसता रे, झिला." चाळीला हे बघवत नसे. सोनूबाई तर म्हणायची, गाडीला आठ वेळा पुसतो, बापाला एकदा गोड बोलत नाही. मलाही राग यायचा. एकदा मी बोलूनही दाखवलं. "मास्तर, तुमचं वर्गात चालवा," एवढंच उत्तर मिळालं.

शीव स्टेशनच्या पलीकडे खाडीलगत एक उजाड मैदान होतं. तिथे वर्षातून एकदा हौशी मोटारवाल्यांचा एक क्लब शर्यत घ्यायचा. समोरासमोर पळायचं नाही. मैदानात चुना फासलेली डांबराची पिंपं मांडलेली असत. त्यांच्यामधून वळसे घेत एकेकाने गाडी काढायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. पिंपाला धक्का लागला की पाच सेकंद वाढली. शेजारी एक माणूस बसवायची मुभा होती, पण त्याने कशालाही हात लावायचा नाही. क्लबात सगळे व्यापाऱ्यांचे नाहीतर बॅरिस्टरांचे चिरंजीव. तेरसे तीन वर्षं कुंपणाबाहेर उभे राहून शर्यत बघत आले होते, आणि प्रत्येक गाडीने कुठल्या पिंपाशी कुठली मूठ फिरवायला हवी होती ते घरी येऊन मला सांगत होते. क्लबवाल्यांच्या गाड्यांना मुठीच नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

शेवटी क्लबच्या सेक्रेटरींची बंद पडलेली गाडी तेरशांनी रस्त्यातच दुरुस्त करून दिली आणि त्या भल्या गृहस्थाने त्यांना पाहुणा म्हणून एकदा भाग घ्यायची परवानगी दिली. अट अशी: पहिल्या पाचांत आलात तर नाव कायमचं यादीत, दरवर्षी बोलावणं. नाहीतर एवढ्यावरच. ते पत्र तेरशांनी गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं. त्या महिनाभरात ते दोनदा हसले. मी मोजलं.

शर्यतीचा रविवार नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा. साचे पुसायचे, तेल घालायचं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. तेरसे सकाळीच तिकडे गेले. छकड्याची पूजा चाळीने करायची ठरली होती. मी हार घेऊन खाली उतरलो तर आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, गाडीशेजारी जमिनीवर आडवे झालेले. हातात आयोडिनची जुनी बाटली, तीत कधीपासून जपून ठेवलेलं तेल, आणि काडीला कापूस.

"मास्तर, जरा बघा, खंय ऱ्हवला काय? माका दिसणा नाय," ते म्हणाले.

सणाचा दिवस, म्हाताऱ्या माणसाचा हात, आणि यंत्राला तेल. यात वावगं काय? मी धोतर सावरून वाकलो. खाली एक सांधा कोरडा दिसला. "आबा, मागचं डावं राहिलं," मी म्हणालो. त्यांचा हात पोचेना, म्हणून बाटली घेऊन ते तेल मी घातलं. तेरशांचं व्याख्यान मला मुखोद्गत होतं. पण त्या व्याख्यानातली वस्तू गाडीला नेमकी कुठे असते हे मी जन्मात वाकून पाहिलं नव्हतं. मास्तरांचं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट डांबरावरून सावकाश आम्ही मैदानावर पोचलो; शर्यतीच्या नादात तेरसे गाडी दाबून बघायचं मात्र विसरले. तेरशांनी खाकी गणवेश इस्त्री करून घातला होता. रुंद नव्या गाड्यांच्या रांगेत आमचा छकडा झेंडूची माळ घालून उभा राहिला. दोन फेऱ्या मिळायच्या, त्यांतली चांगली धरायची. निशाण पडलं. पहिल्या पिंपाशी तेरशांनी मागची मूठ मुकादमावर नेली आणि गाडी फिरायच्याऐवजी नाचायला लागली. उठली, बसली, पुन्हा उठली. तेरसे मूठ आवळत होते, मुकादमाच्याही पुढे आवळत होते, आणि तिचा चकत्यांवर काही परिणाम होत नव्हता. माझं वजन हवेत आणि सीटवर आलटून पालटून होतं. तीन पिंपं आडवी झाली. बघणारे चिरंजीव मोकळेपणी हसले.

फेरी संपल्यावर तेरशांनी खाली उतरून मडगार्ड दाबला. गाडी सात वेळा झुलली. ते गुडघ्यांवर बसले, चकतीला बोट लावलं, वास घेतला.

"गिरणीतलं, स्पिंडलचं तेल," ते म्हणाले. "चारही?"

"चारही," मी म्हणालो. "पण मागच्या डाव्याला मी घातलं. तेरसे, मला खरंच माहीत नव्हतं हो."

मला वाटलं आता हा माणूस मला इथेच पिंपात घालणार. त्यांनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "खडू आहेत का खिशात?"

होते. मास्तराच्या खिशात खडू नसतील तर काय असणार? पुढचा पाऊण तास आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो. तेरशांनी चकत्या सैल केल्या, पेट्रोलच्या फडक्याने पुसल्या, आणि मी शाळेची मालमत्ता दगडाने कुटून त्यांच्या फटींत भरली. खडूने तेल शोषलं, चकत्या पुन्हा घासायला लागल्या. दाबून बघितलं तर गाडी दोनदा उठली.

दुसऱ्या फेरीला जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मूठ लागू पडली. पहिलं पिंप, दुसरं, तिसरं. पुढे मास्तर, मागे मुकादम, आणि छकड्याचं शेपूट पिंपाला बोटभर अंतर ठेवून वळत होतं. मध्ये बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा पट्टा लागला तेव्हा तेरशांनी एका हाताने दोन्ही मुठी सोनूबाईवर आणल्या आणि ती धसमुसळी जमीन आमच्याखालून गुपचूप गेली. हसणारे चिरंजीव पुढे सरकून बघू लागले. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते ठाऊक नाही. बहुधा "झालाच पाहिजे" असं काहीतरी असावं. पण शेवटच्या चार वळणांवर चकत्या तापल्या, लाकडात मुरलेलं तेल बाहेर आलं आणि छकडा पुन्हा डुलायला लागला. एका पिंपाला धक्का बसला.

सहावे आलो.

सेक्रेटरी स्वतः चालत आले. त्यांनी ती अर्धी फेरी पाहिली होती आणि ते हळहळले होते. म्हणाले, "मिस्टर तेरसे, तुमच्या गाडीशी कोणी काही केलंय का? कोणी खोडी केली असेल तर तसा नियम आहे. कोणी केलं ते लिहून द्या, मी पुढच्या महिन्यात तुम्हाला आणखी एक फेरी देववतो."

मी तोंड उघडलं, "अहो, काय झालं की यांच्या..." आणि तेरशांचा गिरणीचा बूट माझ्या पायावर पडला.

"कोणी काय नाय केलं, साहेब," ते म्हणाले. "माझाच हात चुकला."

परत निघालो, शीव मागे पडलं, किंग्ज सर्कल आलं. मग राहवेना. "माझं नाव द्यायचं होतंत," मी म्हणालो. "मी आनंदाने सही केली असती."

"आणि विचारलं असतं बाटली कोणाची, तर?" तेरशांनी गाडी हळू केली. "तीस वर्षं तेल घातलं मास्तर त्यांनी. बाराशे-बाराशे चात्या, म्हणजे स्पिंडलं, फिरवणारे साचे. एक चाती अडकली नाय, बुकात एक तक्रार नाय त्यांच्या नावावर. आता पहिली मी लिहून देऊ?"

इतकी वर्षं मी या माणसाला बापाशी कठोर समजत होतो आणि त्याला उपदेशही करून बसलो होतो, याची मला लाज वाटली.

चाळीपाशी आलो तर आबा अंगणात स्टुलावर बसलेले, तोच धुतलेला सदरा. गाडीचा आवाज ऐकून ते उठले. "झिला, कशी गेली रे?" त्यांनी विचारलं. आणि मग जरा भीत भीत, "मी तेल घातलंय हां. तू रागावशीत म्हणान सांगूक नाय."

गॅलरीत सगळी चाळ उभी होती. सोनूबाईने तर पदर खोचला होता.

"लोण्यासारखी गेली, बाबा," तेरसे म्हणाले. "तेल बरा पडला होता."

म्हातारा इतका हसला की त्याचे उरलेले दोन दात चाळीने पहिल्यांदा पाहिले. यादीत नाव येणार नव्हतं. तसबिरीमागचं पत्र तेरशांनी त्याच संध्याकाळी काढून टाकलं आणि त्या मैदानाकडे ते पुन्हा फिरकले नाहीत. गाडीच्या चकत्यांची नवी लाकडं मात्र त्यांनी महिनाभरात कातून बसवली.

पुढच्या दसऱ्याला गिरणीतून तेरसे लवकर परतले. मी हार घेऊन खाली आलो तेव्हा झारी आबांच्या हातात होती. कुलपातून काढून तेरशांनीच दिली होती. गाडीच्या चारी कोपऱ्यांना, म्हाताऱ्याला उभ्या उभ्या सापडतील अशा उंचीवर, चार पितळी वाट्या नव्याने बसवलेल्या दिसल्या, झाकणांसकट, लखलखीत घासलेल्या. गिरणीतल्या साच्यांना असतात तशाच. आबा बोटांनी चाचपत झाकण उघडत होते आणि मोजून तेल सोडत होते.

यंदा तरी आपण शहाणे, असं म्हणून मी धोतराची पर्वा न करता गाडीखाली शिरलो. वाटीच्या बुडाला एक बारीक नळी होती. ती चकत्यांच्या अगदी शेजारून जात होती, त्यांना कुठेही न शिवता, आणि आडव्या दांड्याला तारेने बांधलेल्या दुधाच्या रिकाम्या डब्यात तिचं तोंड सोडलेलं होतं. चार वाट्या, चार नळ्या, चार डबे. तेल टपटप डब्यात पडत होतं. चकत्या ठणठणीत कोरड्या होत्या.

वर तेरसे बापाच्या कोपराला धरून उभे होते. मला त्यांचा आवाज ऐकू आला. "बाबा, हय आणखी दोन थेंब घाला. हय जरा सुका वाटता."